मिस्टर अहो आणि कार्लटनची पाठ

अहो,

तुमच्या मातीच्या दिवशी मला एकच घोर लागला होता. कद्दिशची प्रार्थना म्हणायला आपल्या ज्यूंतले दहा पुरुष जमतात की नाही? वॉटफर्डच्या आसपासची आपली बेने इस्रायल मंडळी आधीच मूठभर, त्यातली निम्मी इस्रायलला गेलेली. उरलेल्यांत कुणाची शिफ्ट, कुणाचा गुडघा. कब्रस्तानाच्या दारात उभी राहून मी येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होते. तेवढ्यात एक व्हॅन आली आणि तिच्यातून पाच-सहा जण उतरले. एकेक सहा फुटांच्या वर, खांदे दाराएवढे, अंगात काळे सूट आणि चेहऱ्यावर ते सूट घातल्याचा संकोच. त्यातला एक वाकून मला म्हणाला, "मॅडम, मिस्टर अहोंचं फ्युनरल इथेच ना?"

प्रार्थना सांगणाऱ्या आपल्या हझ्झानसाहेबांचे डोळे चमकले. हळूच मला विचारतात, "बाई, हे आपल्यातले?"

"नाही हो," मी म्हटलं, "हे फास्ट बोलर."

आणि मला हसू फुटलं. तुमच्या मातीला, अहो. तोंडाला पदर लावला, लोकांना वाटलं रडतेय, आणि मग खरंच रडू आलं. दहा पुरुष झाले शेवटी, ओढूनताणून. फास्ट बोलर मात्र मागे रांगेत उभे, उसनी टोपी डोक्यावरून घसरते आहे का ते चाचपत.

ते तुम्हाला मिस्टर अहो म्हणतात हा माझाच प्रताप. कुठल्याही ग्राउंडवर गेलो की तुम्ही एका टोकाला, बोलरच्या बरोब्बर मागे जाऊन बसणार. मी चहा घेऊन पॅव्हेलियनच्या पायरीवरून हाक मारणार, "अहो!" चहा करणाऱ्या बायकांना वाटलं ते तुमचं नाव. त्यांच्याकडून अंपायरांकडे गेलं, तिथून काउंटीच्या ऑफिसात. तुम्ही एकदाही दुरुस्त केलं नाहीत. म्हणालात, "बायकोने ठेवलेलं नाव आहे, चांगलं आहे." आईने शिकवल्याप्रमाणे मी तुमचं खरं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. त्या इंग्रज लोकांनीही मग घेतलं नाही. दगडावर कोरायला द्यायच्या वेळी मात्र लिहून द्यावं लागलं, तर हात अडला.

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा ड्राफ्ट्समन आहे, स्वभावाने शांत आहे. क्रिकेटचं कुणी बोललंच नाही. मुंबईत तुम्ही ऑफिसच्या टीममध्ये बोलिंग टाकायचात, तुमच्याच शब्दांत, "बॅट्समनला जरा आराम मिळावा म्हणून." खेळाडू तुम्ही कधीच नव्हतात. तुम्ही बघणारे होतात. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात घरामागच्या पार्कात शाळेची पोरं खेळायची, तुम्ही कामावरून सुटलात की तिथे. असंच एकदा काउंटीचे मिस्टर वेब तुमच्या शेजारी येऊन बसले. म्हातारे, पाइप ओढणारे, काउंटीच्या तरुण मुलांचे कोच. एका मुलाबद्दल त्यांनी सहज विचारलं, तुम्ही सहज सांगितलंत. पुढच्या शनिवारी ते परत आले. असं करत करत तुम्ही त्यांचे स्काउट झालात.

आपल्या नातेवाइकांना हे समजावता समजावता माझी पत्रं भरायची. इथे प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पगारी संघ असतो. त्याला दरवर्षी नवी पोरं लागतात. ती शाळाशाळांतून हेरायची, चार वेळा निरखायची, आणि खात्री पटली तर क्लबला सांगायचं. मग क्लब ट्रायलला बोलावतो, आवडला तर करार देतो. आपल्या लीयाला शाळेत वडील काय करतात विचारलं तर ती सांगायची, "ड्रॉइंग काढतात. शनिवारी स्पाय असतात."

शनिवार! आपलं पहिलं भांडण त्या शनिवारावरूनच. अलिबागकडे आपल्या वाडवडिलांना लोक शनवार तेली म्हणायचे, कारण शब्बाथला त्यांचा घाणा बंद. आणि त्यांचा हा नातू शब्बाथची प्रार्थना उरकून थेट क्रिकेटच्या ग्राउंडवर.

"घाणा बंदच आहे," तुम्ही म्हणायचात. "मी फक्त बघतोय. बघणं म्हणजे काम थोडंच?"

"आणि मी गाडी चालवते ते?"

"तू नर्स आहेस. जीव वाचवायला शब्बाथ मोडलेला चालतो."

"कुणाचा जीव?"

"माझा."

गाडी मला चालवावी लागे, कारण तुम्हाला लायसन्स मिळणं शक्यच नव्हतं. रस्त्याच्या कडेला कुठेही पांढरे कपडे दिसले की तुमची मान तिकडे. परीक्षक एकदा म्हणाला, "सर, रस्ता समोर आहे." तुम्ही त्याला म्हणालात, "सॉरी, पण तो पोरगा पाय चुकीचा टाकतोय." नापास. मग मीच शिकले. त्या निळ्या खटाऱ्यात लीया मागे, तुम्ही शेजारी, मांडीवर डबा. शब्बाथला लिहायचं नाही हा एक नियम मात्र तुम्ही कटाक्षाने पाळलात. सगळं डोक्यात साठवायचात आणि रविवारी सकाळी मी कांदा चिरत असताना मला ऐकवायचात, ओव्हरमागून ओव्हर. मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. कुणाला हे खरं वाटणार नाही, पण मला रविवारचा तो तास आवडायचा.

कार्लटनबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि इकडेतिकडेच हिंडतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रनअप फार लांब झाला तुझा."

स्लाऊच्या त्या शाळेत आपण गेलो होतो दुसऱ्याच एका मुलासाठी. बॅट्समन होता कुणीतरी, गोरा, नीटनेटका. मी बाकावर विणत बसले होते. चेंडू विकेटकीपरच्या ग्लोव्हमध्ये बसतो त्याचा एक आवाज असतो, टप्प असा. इतक्या वर्षांत तो माझ्या कानांना ऐकू येईनासा झाला होता. त्या दिवशी मात्र कुणीतरी दार आपटल्यासारखा आवाज झाला आणि माझा टाका सुटला. मान वर केली. एक उंच, काळा, सडपातळ मुलगा परत आपल्या खुणेकडे चालत होता, जणू काही घडलंच नव्हतं. पुन्हा धावत आला. धावण्यात कष्ट दिसत नव्हते. दार पुन्हा आपटलं. विकेटकीपर दोन पावलं मागे सरकला, मग आणखी दोन.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. चहा तसाच गार झालेला. परत येताना रिक्मन्सवर्थपाशी तुम्ही एवढंच म्हणालात, "असा मुलगा बघायला मिळावा म्हणून माणूस एवढे शनिवार घालवतो."

त्या दिवशी माझ्या शेजारी एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, प्रार्थना करतायत. त्या झोपल्या होत्या, बिस्किटांच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आल्या होत्या. मिसेस ॲलन, कार्लटनची आई. बार्बेडोसहून आलेल्या, नवरा मागेच वारलेला. जाग आल्यावर त्यांनी डबा उघडून माशाच्या वड्या माझ्यापुढे धरल्या. आपल्याला बिनखवल्यांचा मासा चालत नाही, म्हणून मी विचारलं, "याला खवले असतात ना?" आता इंग्रजीत खवल्यांना आणि तराजूला एकच शब्द. त्या म्हणाल्या, "आहे की तराजू घरी, पण वड्यांचं वजन कोण करत बसतंय?" तुम्ही तिकडे कार्लटनचं मनगट बघत होतात आणि इकडे आम्ही दोघी पोट धरधरून हसत होतो. मासा कॉड निघाला. त्याला खवले असतात. मी चार खाल्ल्या.

त्या उन्हाळ्यात तुम्ही बाकीची पोरं सोडूनच दिलीत. दर शनिवारी स्लाऊ. मिस्टर वेबना घेऊन आलात, त्यांच्या पाइपमधली आग विझली तरी त्यांना कळलं नाही. ट्रायल ठरली. तुम्ही कार्लटनला सांगितलंत तेव्हा तो नुसता "यस सर" म्हणाला आणि मग तुमचं लक्ष नाही असं बघून झाडामागे जाऊन त्याने दोन्ही मुठी हवेत मारल्या. मी बघितलं ते. तुम्हाला सांगितलंही होतं, तर तुम्ही म्हणालात, "झाडामागे कशाला? पुढे मारायच्या!"

मिसेस ॲलनना मात्र धास्ती होती. सप्टेंबरपासून कार्लटनला एका इलेक्ट्रिशियनकडे शिकाऊ म्हणून जागा मिळत होती. काउंटीचा करार काय, उन्हाळ्यापुरता. "हिवाळ्यात हा काय करेल, मिसेस अहो?" त्या मला विचारायच्या. मी तुम्हाला विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "हिवाळ्यात तो उन्हाळ्याची वाट बघेल." असलं उत्तर मी त्यांना सांगितलं नाही.

आणि मग एका दुपारी त्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, "तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते. सकाळी तो माझ्या आजीसारखा उठतो. भिंत धरून. गरम पाण्यात तासभर बसतो. वाढत्या वयाचं असतं का असं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. बुटाची नाडी बांधायला तो खाली वाकला नाही. पाय बाकावर ठेवून, पाठ सरळ ठेवूनच त्याने ती बांधली. आमच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात अशी माणसं मी रोज बघत होते, पण ती साठीची असायची. हा सतरा वर्षांचा.

"एक्स-रे काढायला हवा," मी म्हटलं.

"मग ट्रायल?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मला नाही ठरवता येत. गप्प बसले तरी मी वाईट आई, बोलले तरी वाईट."

गाडी स्लाऊच्या बाहेर पडल्याबरोबर मी तुम्हाला सांगून टाकलं. तुम्ही समोर बघत होतात, जे तुम्ही गाडीत कधी करायचा नाहीत.

"मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात.

"कधीपासून?"

"मागच्या शनिवारपासून. डावा पाय टेकताना अंग बाहेर टाकतोय. दुखणं चुकवतोय."

"आणि तुम्ही गप्प?"

"ट्रायल दोन आठवड्यांवर आहे."

"हाडाला कळतं का ट्रायल कधी आहे ते?"

त्यावर तुमचा आवाज चढला. लीया मागे उठून बसली. "तुला माहीत नाही ही माणसं कशी आहेत ते. फास्ट बोलरची पाठ दुखते हे सांगणं म्हणजे बघायला आलेल्या स्थळाला मुलीचं दुखणं सांगणं. एकदा कानावर गेलं की परत कुणी दारात येत नाही. एखादा प्रायव्हेट शाळेतला पोरगा आजारी पडला तर त्याच्यासाठी तीन दारं उघडी राहतात. याला एकच दार, तेही मी उघडलेलं. मीच लावून घेऊ?"

"पाठ मोडून आत गेला तर दाराचं काय करायचंय?"

"आत तर जाईल!"

वॉटफर्ड येईपर्यंत आणि त्यानंतरचा अख्खा आठवडा आपण एकमेकांशी बोललो नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी दिवे लावले, तुम्ही मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हटलीत, पेला माझ्या हातात दिलात, पण नजर दिली नाहीत. आज इतक्या वर्षांनी सांगते, तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. पटत होतं म्हणूनच राग येत होता. आपल्याला इथे आल्यावर खोल्या नाकारणारी दारं मीही बघितली होती.

रविवारी तुम्ही कांदा चिरायच्या वेळेला स्वयंपाकघरात आला नाहीत. बाहेर गेलात. माझ्याशिवाय, बस बदलत बदलत, स्लाऊला. तिथे काय झालं ते मला मिसेस ॲलनकडून कळलं, तुमच्याकडून कधीच नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही टोपी हातात धरून उभे राहिलात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत. कार्लटनला म्हणालात, "तुझी पाठ दुखते आहे, मी बघितलंय. असाच ट्रायलला गेलास तर ते तुला घेतील. आणि विशीत तू संपशील. एक वर्ष थांब. मी त्यांना थांबायला सांगतो."

तो म्हणाला, "काही दुखत नाहीये."

"मग खाली वाकून ते जमिनीवरचं वर्तमानपत्र उचल."

त्याने उचललं नाही. उभा राहिला, आणि मग ओरडला, "तुम्हीच आलात! मी बोलावलं नव्हतं तुम्हाला! मी माझा शाळेत खेळत होतो, तुम्ही येऊन सांगितलंत की मी कोणीतरी आहे. आता म्हणता थांब?" आणि आपल्याच घरातून निघून गेला. मिसेस ॲलन म्हणाल्या, तुम्ही वर्तमानपत्र उचलून नीट घडी घालून टेबलावर ठेवलंत आणि "सॉरी, मॅडम" म्हणून बाहेर पडलात.

दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "गाडी काढ. वेबकडे जायचंय." आठवड्यानंतरचं पहिलं वाक्य.

मिस्टर वेब नेट्सपाशी उभे होते. मी गाडीत काच खाली करून बसले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलंय.

"दुखतंय तर दुखतंय," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. "बिचारा. दुसरा एक आहे माझ्याकडे, केंटकडचा."

"त्याला मी पाहिलंय," तुम्ही म्हणालात. "तो चांगला बोलर आहे. हा तसा नाही. याच्यासाठी एक वर्ष जागा ठेवा."

"क्लब कुणासाठी थांबत नाही, मिस्टर अहो."

"मग पुढच्या शनिवारपासून क्लबने माझीही वाट बघू नये."

तुम्ही आवाज चढवला नव्हतात. मिस्टर वेब कितीतरी वेळ पाइप बुटावर झटकत राहिले. तुम्ही येऊन गाडीत बसलात, दार नीट लागलं नाही, परत उघडून लावलंत. मग म्हणालात, "जिंकलीस तू."

"भांडण होतं का हे?"

"होतं," तुम्ही म्हणालात. "आणि अजून आहे."

एक्स-रेत कमरेच्या मणक्याला तडा दिसला. मीच वॉर्डातल्या डॉक्टरांना गळ घालून त्याला आणवलं होतं. हिवाळाभर प्लास्टरचं जाकीट. तशा जाकिटातच तो इलेक्ट्रिशियनकडे कामाला लागला. माझ्याशी बोलायचा. तुमचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघायचा. तुम्ही त्या थंडीत दर शनिवारी घरीच. प्रार्थना करून यायचात आणि खुर्चीत बसून पार्काकडे बघायचात, जिथे धुक्याशिवाय काही नसायचं. हझ्झानसाहेबांना वाटलं, तुम्ही धर्माला लागलात.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मिस्टर वेब आपल्या दारात उभे राहिले. कधी घरी न आलेला माणूस. मी भीत भीत पुरणपोळी वाढली, त्यांनी ती चमच्याने खाल्ली. मग म्हणाले, "त्या मुलाची पाठ कशी आहे?" तुमचे डोळे भरून आले म्हणून तुम्ही त्यांना तूप आणायला स्वयंपाकघरात गेलात आणि बराच वेळ तूप शोधलंत. ते ओट्यावर समोरच होतं.

ट्रायल झाली. आपण तिघंही गेलो होतो. कार्लटन धावत आला, तसाच, बिनकष्टाचा. मी विणकाम बंद ठेवून कान देऊन बसले होते. टप्प. चांगला, दणदणीत टप्प. पण दार नाही आपटलं. मी तुमच्याकडे बघितलं नाही, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात हे मला न बघता कळलं.

त्यांनी त्याला घेतलं. दोन उन्हाळे तो काउंटीच्या दुसऱ्या टीममधून खेळला, पहिल्या टीममधूनही थोडे सामने. विकेट्स घेतल्या, एकदा पेपरात नाव आलं. मग करार संपला, पुन्हा दिला नाही. कितीतरी पोरांचं असंच होतं, तुम्हीच सांगायचात. पण या एकाचं तुमच्या मनातून गेलं नाही.

"त्या एका वर्षात त्याचा वेग गेला," तुम्ही म्हणायचात. भांडी पुसताना, गाडीत, एकदा तर माझ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात. "मी गप्प बसलो असतो तर दोन वर्षं तरी सगळ्या इंग्लंडने त्याला बघितलं असतं."

"आणि मग?"

"मग काय! बघितलं तर असतं."

"आणि मी त्याला वॉर्डात उताणा बघितला असता."

इथे आपण थांबायचो. दर वेळी इथेच. तुम्ही कधी माघार घेतली नाहीत, मी कधी घेतली नाही. लीया म्हणायची, "तुम्ही दोघं पुन्हा कार्लटन करताय."

घराचं वायरिंग बदलायचं निघालं तेव्हा मी मुद्दाम त्यालाच बोलावलं. तुम्हाला विचारलं नाही. स्वतःची व्हॅन घेऊन आला, लग्न झालेलं, हातात दुपारचा डबा. दोन दिवस तो छताला आणि लाकडी फरशीखाली, आणि दोन्ही दिवस तुम्ही रजा काढून त्याची शिडी धरून उभे. "टॉर्च, सर." "हं." "थोडा डावीकडे, सर." "हं." एवढंच संभाषण. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, चेहरा लहान मुलासारखा. कुजबुजलात, "बघितलंस, कसा वाकतो? फरशीची फळी अशी उचलली त्याने, एका हाताने!" मी म्हटलं, "मग? कोण बरोबर होतं?" झालं. चेहरा मिटला. "तो फळ्या उचलायला जन्मला नव्हता," तुम्ही म्हणालात, आणि शिडी धरायला परत गेलात.

शेवटच्या आजारात हॉस्पिटलात तुम्ही पाचच दिवस होतात. तेही माझ्याच हॉस्पिटलात, त्यामुळे माझ्या मैत्रिणी तुम्हाला धाकात ठेवत होत्या. तिथेही तुमचं बघणं सुटलं नव्हतं. ट्रॉली ढकलणाऱ्या पोर्टरकडे बोट दाखवून म्हणालात, "याचा खांदा बघ. याला लहानपणी कुणी बघितलं नाही." मग जरा वेळाने, "चुकलं का गं माझं?" कशाबद्दल ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. मी म्हटलं, "नाही चुकलं. मी तर आधीपासून सांगतेय." तुम्ही भिंतीकडे वळलात, नेहमीसारखे. माझी बाजू घेऊन मी तुम्हाला धीर देत होते, आणि तुम्हाला माझ्या बाजूचा धीर नको होता. एवढं मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

लीया परवा तुमचं कपाट आवरत होती. म्हणाली, "आई, बाबाचा टोपी कुठे ठेवू?" तुम्ही लगेच म्हणाला असतात, "बाबाची. टोपी ती." मी काहीच म्हणाले नाही. ती थांबली, वाट बघत, आणि मग स्वतःच रडायला लागली. तिची चूक कुणी दुरुस्त केली नाही म्हणून.

सुतकाच्या सात दिवसांत, शिवाला बसले होते तेव्हा चौथ्या दिवशी दुपारी कार्लटन आला. एकटाच. मातीला आला नव्हता. आईने दिलेल्या माशाच्या वड्या घेऊन आला होता. आपल्यात शिवाला खाली बसतात हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण मी खुर्ची दाखवली तरी तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला, एवढे लांब पाय कुठे ठेवावेत ते न कळून. त्याने भिंतीवरचे दिव्यांचे स्विच बघितले, त्यानेच लावलेले. मग मीच विचारलं. तुम्ही जे त्याला एकदाही विचारू शकला नाहीत ते.

"कार्लटन, ते तेव्हा गप्प बसले असते तर तुला बरं वाटलं असतं का?"

मला वाटलं, तो सभ्यपणे नाही म्हणेल. घरात मयत झालेल्या बाईला माणूस नाहीच म्हणतो. पण त्याने विचार केला. खरंच केला, मान खाली घालून, चांगली दोन-तीन मिनिटं.

"एप्रिलमध्ये वाटतं," तो म्हणाला. "दर वर्षी. ग्राउंडवर रोलर फिरायला लागला, गवताचा तो पहिला वास आला की वाटतं, गप्प का नाही बसले ते? इतका राग येतो की त्यांचं तोंड बघू नये असं होतं. पण मग उन्हाळा जातो. ऑक्टोबरात धाकटी शाळेतून पेंगत येते, तिला मी खांद्यावर घेतो. तेव्हा नाही वाटत."

मी त्याच्यापुढे वड्या सरकवल्या.

म्हणजे अर्धं वर्ष तुम्ही बरोबर, अहो, आणि अर्धं वर्ष मी. आपण उगीचच निकाल मागत होतो. पण तुम्हाला मी एक गोष्ट सांगायला बसले आहे, ती निकालाची नाही. समोरच्या घराच्या कुंपणावरची चेरी पांढरी झालेली होती, खिडकी उघडी होती आणि मागच्या पार्कातून रोलरची घरघर ऐकू येत होती. त्यालाही येत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. एप्रिलच चालू होता.

आणि तरी तो आला होता.